बारावा स्क्रू

ट्रे सापडला तो कपाट रिकामं करताना. धुळीचा कणही न चालणाऱ्या ‘स्वच्छ खोली’चं सामान नव्या इमारतीत हलवायचं ठरलं होतं, आणि सात वर्षं कुणी हात न लावलेलं तळातलं कपाट आवरायचं काम चिमटीच्या गळ्यात पडलं होतं. त्यातलं काय ठेवायचं नि काय फेकायचं हे दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. गुडघ्यांच्या नावाने कुरकुर करत ती फरशीवर बसली आणि एकेक डबा बाहेर काढू लागली.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. अवकाशयानावर जाणारी उपकरणं जुळवणारी ती फिटर. केसाएवढी तार चिमट्याने उचलून नेमक्या जागी ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या टीमचे प्रमुख असलेल्या सरांनी तिला हे नाव दिलं. ते असं चिकटलं, की दारावरच्या हजेरीच्या वहीत तिचं खरं नाव वाचून नवी माणसं विचारायची, या बाई कोण?

चौथ्या डब्याखाली तो ट्रे निघाला. पांढरा, तळहाताएवढा, वर झाकण. कडेला तिच्याच अक्षरातली चिठ्ठी: ‘सवत, मुख्य शिर’. तिने सहज झाकण उचललं. आत बारा खळगे होते. अकरा रिकामे, आणि बाराव्यात एक स्क्रू.

तिने तो चिमट्याने उचलून उजेडाकडे धरला. आट्यांवरून वरपासून खालपर्यंत एक बारीक खाच कोरलेली होती. चिमटीच्या तोंडचं पाणी पळालं.

आता हे खाचेचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर एका स्क्रूपायी बाईने एवढं काय मनाला लावून घ्यावं असं वाटायचं. भोक आरपार नसेल तर त्यात स्क्रू पिळल्यावर तळाशी थोडीशी हवा कोंडून राहते. इथे जमिनीवर तिचं कुणाला काही सोयरसुतक नसतं. पण यान निर्वातात गेलं की ती हवा फट शोधत बाहेर यायला बघते, आणि शेजारी हजारो व्होल्ट असले तर तेवढ्याशा हवेतून ठिणगी उडते. म्हणून उड्डाणाचे स्क्रू खाचेचे. हवा खाचेतून आधीच निघून जाते. सरावाचे स्क्रू मात्र भरीव. वरून बघाल तर दोघांची डोकी अगदी सारखी. त्यामुळे उड्डाणाचे स्क्रू मोजून ट्रेमध्ये घ्यायचे, आणि ट्रे रिकामा झालेला डोळ्यांनी बघूनच सही करायची, असा त्यांचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक. हातून स्क्रू पडला तर तो पुन्हा वापरायचा नाही, पण तो सापडल्याशिवाय कुणी जागचं हलायचंही नाही. एकदा एका वॉशरपायी सरांसकट सात माणसं दुपारभर फरशीवर रांगत होती.

सवत म्हणजे सरांचा कॅमेरा. हे नाव सरांच्या बायकोने ठेवलेलं. बावीस वर्षं ज्या पेटीपायी नवरा वेळेवर घरी आला नाही, तिला दुसरं काय म्हणणार? पुढे ते टीमच्या तोंडी इतकं बसलं, की एकदा भर बैठकीत सर म्हणाले, “सवतीचं वजन दोनशे ग्रॅमनी वाढलंय,” आणि पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

ग्रहाभोवती चुंबकाचं जे भलंमोठं आवरण असतं, ते कुणाला दिसत नाही. आजवर गेलेली यानं त्यातून चाचपडत गेली, आणि जिथे यान तिथलंच माप घेत आली. सगळं आवरण एका नजरेत कसं दिसतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. सरांची युक्ती अशी: त्या आवरणात भारित कण अडकून गोलगोल फिरत असतात. त्यातला एखादा वाटेतल्या विरळ वायूला घासतो आणि आपला विद्युतभार गमावून बसतो. भार गेला की चुंबकाची पकड सुटली. मग तो गोफणीतल्या दगडासारखा सरळ सुटतो. असे सुटलेले कण टिपायचे, ते कुठून आले ते मांडत जायचं, की अख्ख्या आवरणाचं चित्र उभं राहतं. नको असलेले भारित कण बाजूला सारण्यासाठी सवतीच्या शिरातल्या, म्हणजे कण आत घेणाऱ्या तोंडाशी असलेल्या, पट्ट्यांना नऊ हजार व्होल्ट लागायचे. आणि त्या पट्ट्या ज्या बारा स्क्रूंवर बसल्या होत्या, त्यातला बारावा आत्ता चिमटीच्या चिमट्यात होता.

यान गेल्याच महिन्यात ग्रहाशी पोचलं होतं. अकरा दिवसांनी सवतीला पहिल्यांदा पूर्ण व्होल्टेज द्यायचं होतं.

ते शिर जुळवलं तो दिवस चिमटीला मिनिटामिनिटासकट आठवत होता, कारण त्याच दिवशी तिचे बाबा गेले. अकरा स्क्रू लावून झाले होते. बाराव्यासाठी ती ट्रेकडे वळली, आणि काचेपलीकडून सरांनी टकटक केली. तिच्या भावाचा फोन आला होता. बाबांना दुपारी कसंतरी व्हायला लागलं म्हणून इस्पितळात नेलंय, ताबडतोब ये.

“एकच राहिलाय, सर,” ती काचेतून म्हणाली होती. “दहा मिनिटं.”

“अगं, तुझ्याआधी हे सगळं मीच पिळत होतो. मला काय स्क्रू लावता येत नाही? नीघ म्हणतो ना!”

ती निघाली. पाचव्या दिवशी परत आली तेव्हा शिर बंद झालं होतं, स्क्रूंच्या डोक्यांभोवती गोंदाचे ठिपके वाळले होते, ट्रे झाकण लावून कपाटात गेला होता. कागदावर बारा रकाने तिच्या सहीची वाट बघत होते. नियमाप्रमाणे ट्रे उघडून बघायचा. पण सरांनी स्वतः लावलेला स्क्रू, तोही तिच्यासाठी. मागाहून झाकण उघडून त्यांचं काम तपासायचं हे तिच्या जिवावर आलं. तिने बाराही रकान्यांत सही ठोकली. टेबलावर उड्डाणाच्या ट्रेशेजारीच सरावाचा ट्रे ठेवलेला असायचा, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता ते डोक्यातून जाईना. ती कपाटासमोर तशीच बसून राहिली, मग बाहेर जिन्यात जाऊन तिने भावाला फोन लावला.

“मी त्या दिवशी इस्पितळात किती वाजता पोचले होते रे?”

“आज मध्येच काय काढलंस?”

“सांग ना.”

“चार वीस. भिंतीवरच्या घड्याळाखालीच तर उभा होतो मी, तुझ्या वाटेकडे डोळे लावून. साडेचारला बाबांची शुद्ध गेली ती गेलीच. का गं ताई? काय झालं?”

“काही नाही. असंच आठवलं.”

म्हणजे दहाच मिनिटं. तो स्क्रू लावायला ती थांबली असती, तर सवत आज धडधाकट असती आणि बाबांनी डोळे उघडले तेव्हा समोर ती नसती. माणसाला निदान पश्चात्ताप तरी धड करता यावा. तिला तोही करता येईना. मनात म्हणून बघितलं, थांबायला हवं होतं. पटलं नाही. मग म्हणून बघितलं, बरं झालं गेले. तेही घशाखाली उतरेना.

एवढं मात्र तिने जिन्यातच ठरवून टाकलं. सर एकोणसत्तर वर्षांचे झाले होते. निवृत्तीचं वय उलटूनही केवळ या कॅमेऱ्यासाठी त्यांना मुदतवाढ मिळाली होती. आपल्याच हाताने आपण सवतीचा घात केला, हे त्यांना कळता कामा नये.

सर आपल्या खोलीत चहा पीत होते. हल्ली त्यांच्या हातांना कंप सुटायचा, म्हणून कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि कुणी बघितलं की थंडी वाजते म्हणायचे.

“सर, वाईट बातमी आहे.”

“पुन्हा कुणाला तरी रागावलीस?”

“सर, ऐका हो.” तिने ट्रे त्यांच्यापुढे ठेवला.

सरांनी भिंग घेतलं. स्क्रू पाहिला, चिठ्ठी पाहिली, पुन्हा स्क्रू पाहिला. कप बशीत ठेवताना खडखडला.

“हा बाहेर आहे, म्हणजे आत भरीव गेलाय.”

“हो.”

“कुणी लावला?”

“मी. सही माझीच आहे.”

सरांनी भिंगावरून तिच्याकडे पाहिलं. चिमटीला खोटं बोलायची सवय नव्हती. कमी बोलायची मात्र होती, आणि तीच कामाला आली.

“बाबांचं तसं झालं होतं,” ती म्हणाली. “माझं लक्ष नव्हतं.”

“हं,” सर म्हणाले. ओरडतील म्हणून तिने मन घट्ट केलं होतं, पण त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर आकडेमोड सुरू केली. “साखरेच्या अर्ध्या दाण्याएवढी हवा असेल. त्यावर तो गोंद. सात वर्षांत तडा जाऊन निघून गेली असेल तर गेली असेल.”

“आणि नसेल तर?”

“नसेल तर शिर तापल्यावर निघेल. नेमकी व्होल्टेज चढलेलं असताना.”

थांबून बघावं, तर तेही शक्य नव्हतं. त्या ग्रहाभोवतीचा किरणोत्सार इतका जबर, की चाळीस फेऱ्यांत यानाचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रत्येक उपकरणाची पाळी ठरलेली, आणि मोहिमेच्या प्रमुखांनी सवतीची पाळी पुढे ढकलायला दोन वाक्यांत नकार दिला. सरांच्या हाती उरला तो एक छोटा हीटर. थंडीने शिर गोठू नये म्हणून बसवलेला, अंगठ्याएवढा. तो अकरा दिवस सतत चालू ठेवायचा. गोंद सैल झाला तर झाला, हवा निघाली तर निघाली.

“एवढंच करता येतं?” चिमटीने विचारलं.

“एवढंच.”

अकरा दिवस ती रोज सकाळी कन्सोलच्या खोलीत जाऊन शिराचं तापमान बघायची. बावीस अंश. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसावं, तशी ती त्या आकड्यापाशी बसून राहायची. हे हात केसाएवढी तार लावणारे. तो स्क्रू समोर असता तर चार आटे उलटे फिरवायचे की झालं. पाच सेकंदांचं काम. पण तो कोट्यवधी किलोमीटरवर होता, आणि तिचे हात मांडीवर पडले होते. घरी तिने तीन बशा फोडल्या. नवरा म्हणाला, चिमटीबाई, तुम्ही आता फक्त यानंच हाताळा. ती हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

बाराव्या दिवशी आज्ञा सकाळीच रवाना झाल्या. व्होल्टेज पाचशे पाचशेने चढवत न्यायचं, दर तीन मिनिटांनी एक पायरी. कुठे प्रवाह वाढला तर यान आपणच सगळं बंद करणार. मध्ये पडून थांबवायची सोय नव्हती. तिथला संदेश इथे यायलाच बावन्न मिनिटं लागायची.

दुपारी सगळे खोलीत जमले. दोन रांगांत पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणीतरी आणलेला बिस्किटांचा पुडा. कन्सोलवरच्या बाई तिकिटाचे नंबर पुकारल्यासारखा एकाच सुरात आकडा वाचायच्या.

“पाचशे. प्रवाह शून्य. ठीक.”

सर पुढच्या खुर्चीत, दोन्ही हात काखेत दाबून. चिमटी भिंतीला टेकून उभी. तिने एकदा हिशेब केला आणि मग तो थांबवता येईना: पडद्यावर हजार दिसतंय, म्हणजे तिकडे नऊ हजारांपर्यंत जे व्हायचं ते सगळं होऊन गेलंय. सवत वाचलीय तरी किंवा गेलीय तरी. इथे आपण श्वास रोखून बसलोय तो निव्वळ मूर्खपणा आहे. तरीही तिने श्वास रोखलेलाच होता.

“साडेसहा हजार. प्रवाह...” बाई थांबल्या. “किंचित वर गेला होता. खाली आला. शून्य. ठीक.”

सर अर्धवट उठले. “निघाली!” ते म्हणाले. “चिमटे, ती हवाच होती. निघून गेली!”

सात हजार, ठीक. साडेसात, ठीक. खोलीतल्यांचा जीव भांड्यात पडला. बिस्किटांचा पुडा फिरला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला आणि पलीकडचा आवाज भिंतीपर्यंत ऐकू आला: “उठली का माझी सवत?”

“उठतेय गं, उठतेय,” सर म्हणाले. “केस विंचरतेय. ठेव आता.”

सगळे हसले. चिमटीही हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

“आठ हजार. ठीक.”

पुढच्या तीन मिनिटांत तिने एक बिस्किट खाल्लं.

“साडेआठ,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं काही बोलल्या नाहीत. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली, लाल झाली, आणि सगळे आकडे एकदम शून्यावर आले.

“यानाने बंद केलं,” बाई म्हणाल्या. आवाजाचा सूर पहिल्यांदाच बदलला होता. “दोन सव्वीस. म्हणजे तिथे एक चौतीसला.”

एक चौतीसला चिमटी खालच्या बेसिनवर जेवणाचा डबा धूत होती. झाकणाची रबरी रिंग सैल झालीय, बदलायला हवी, असा विचार करत होती. तेव्हाच सगळं संपलं होतं.

शेजारच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. यानावरचं दुसरं उपकरण सांभाळणाऱ्या चुंबकमापीवाल्यांचं पहिलं माप उत्तम आलं होतं. थोड्या वेळाने त्यांचा प्रमुख दार उघडून केक खायला या म्हणून सांगायला आला, आत बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

पुढच्या फेऱ्यांत दोनदा प्रयत्न झाले. ठिणगीने शिरात पट्ट्या वेगळ्या ठेवणाऱ्या पांढऱ्या चिनीमातीवर जळकी रेघ उमटवली होती, आणि वीज आता त्या रेघेनेच पळून जायची. तीन हजारांच्या वर व्होल्टेज चढेना. तीन हजारांवर सवतीने एक चित्र पाठवलं. त्यात सगळीकडे सारखे पांढरे ठिपके होते, ग्रह कुठे हेही कळत नव्हतं. सरांनी ते पूर्ण दुपार समोर ठेवलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. बावीस वर्षं त्यांनी ज्या चित्राची वाट पाहिली, ते हे. घरी त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक. बायकोचा फोन आता आला तरी ती फक्त जेवायला कधी येताय एवढंच विचारायची.

तिसऱ्या आठवड्यात चौकशीचे कागद आले. दोष कुणाचा, असं त्यात सरळ लिहिलेलं नसतं. ‘बाराव्या स्क्रूची जुळणी कोणी केली’ असा सभ्य रकाना असतो. चिमटीने त्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद सरांकडे नेला.

सरांनी तो वाचला, घडी केली आणि खणात टाकला. मग आपल्या कागदाची प्रत तिच्यासमोर सरकवली. कागद सकाळीच पुढे गेला होता. रकान्यात सरांचं नाव होतं.

“सर, सही माझी आहे.”

“सही तुझी. पाना माझा.” त्यांनी आणखी दोन पानं पुढे ठेवली. एक दारावरच्या हजेरीच्या वहीचं: चिमटी बाहेर, तीन पस्तीस. दुसरं प्रत्येक आवळणी वेळेसकट नोंदवणाऱ्या टॉर्क पान्याचं: बारावा स्क्रू, तीन अठ्ठावन्न. “अंगरखा, टोपी, मोजे चढवण्यातच माझी वीस मिनिटं गेली. सवय सुटली होती.”

“हे कधी काढलंत?”

“तू ट्रे घेऊन आलीस ना, त्याच दिवशी. तू दाराबाहेर पडलीस आणि मी वही मागवली.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू इतकी तयारीने थाप मारत होतीस, मोडवेना मला.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “खरं सांगू? हिंमत नव्हती, चिमटे. मीच लावलाय हे सगळ्यांना सांगून त्या खोलीत बसायचं, ते आकडे ऐकायचे... मला नसतं झेपलं. तुझ्या नावामागे लपून बसलो अकरा दिवस. आणि मग आणखी तीन आठवडे.”

“मी थांबायला हवं होतं,” ती म्हणाली. “दहाच तर मिनिटं होती.”

“थांबली असतीस तर पोचली असतीस का?”

सात वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

“बाबा काही बोलले?”

तिने होकारार्थी मान हलवली. बाबा बसगाड्यांचे मेकॅनिक. त्यांचे हात जन्मभर काळे, हिचे शहरात सगळ्यांत स्वच्छ, आणि ही नेमकं काय दुरुस्त करते हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. पण एखादा नट अर्धवट सोडून ते कधी जेवायलाही उठले नाहीत.

“डोळे उघडले,” ती म्हणाली. “मला ओळखलं. म्हणाले, काम पुरतं करून आलीस ना?”

“मग?”

“मी म्हटलं, हो बाबा. सगळे आवळून आले. शेवटचं बोलले माझ्याशी, आणि मी खोटं बोलले.”

सरांनी टॉर्क पान्याचं पान पुन्हा ओढून घेतलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

“तू किती वाजता पोचलीस?”

“चार वीस.”

“तीन अठ्ठावन्नला आवळला होता मी तो. चांगला घट्ट. बघ इथे.” त्यांनी पान तिच्याकडे वळवलं. “चार वीसला बाराच्या बारा आवळलेले होते, चिमटे. खोटं नाही बोललीस.”

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. सरांनी तोंड फिरवलं आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ट्रेमधला तो खाचेचा स्क्रू उचलायला गेले. बोटांत धरला न धरला तोच तो निसटला. फरशीवर टण्णकन एकदा वाजला, मग आणखी कुठेतरी एकदा.

मग सर खुर्चीच्या हाताला धरून सावकाश खाली उतरायला लागले.

“सर, राहू द्या. तुमचे गुडघे...”

“नियम आहे,” सर म्हणाले.

मग तीही खाली बसली. टेबलाच्या एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने सर, दोघं फरशी चाचपत रांगू लागली. स्क्रू टेबलाच्या पायाशीच पडला होता, तिला तो लगेच दिसला. तिने सांगितलं नाही. टेबलाखाली कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. पलीकडून सरांचा हात फरशीवर फिरत होता, आणि नाक ओढल्याचा आवाज येत होता. सापडला का, असं त्यांनी एकदा विचारलं. अजून नाही, ती म्हणाली.